मैत्रिणी आपले नाव सांभाळतात



जुलै महिन्याचा चौथा रविवार ख्रिस्तसभा आजी-आजोबा व वृद्ध यांचा जागतिक दिन म्हणून पाळते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली हा दिवस सुरू केला. २६ जुलै रोजी पवित्र मरियेचे मातापिता संत ज्योकीम व संत ॲन यांचा सण येतो. त्या सणाच्या जवळचा रविवार त्यांनी यासाठी निवडला.

दरवर्षी या दिवशी आपण मिस्सानंतर वृद्धांना फुले देतो. नातवंडे गाणी म्हणतात. कोणीतरी भाषण करून सांगतो की, आमच्या आजीने आम्हांला क्रूसाची खूण करायला शिकवली, रोझरी शिकवली, स्वतः अर्धपोटी राहून आमच्या वडिलांना वाढवले. हे सारे खरे आहे आणि ते सांगायलाच हवे. पण आपल्या लक्षात येते का, की या सगळ्या कौतुकात आजी ही नेहमी कुणाची तरी कोणीतरी असते? कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची आजी. ती आपल्यासाठी काय करते एवढेच आपण सांगतो. तिला स्वतःची माणसे असतात, तिची वाट पाहणाऱ्या मैत्रिणी असतात, याबद्दल या दिवशी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आज मी आपल्या वृद्ध भगिनींच्या मैत्रीविषयी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या धर्मग्रामात दर बुधवारी दुपारी चार वाजता ज्येष्ठ महिला मंडळ जमते. पंचवीस-तीस जणी येतात. कोणी काठी टेकत, कोणी नातवाच्या स्कूटरवर मागे बसून, कोणी रिक्षात तिघी-चौघी मिळून. आधी एक गीत होते, शुभवर्तमानाचा उतारा वाचला जातो, रोझरीचे एक दशक म्हटले जाते. मग चहा येतो, आणि चहाबरोबर गप्पा. महिन्यातून एकदा हाऊजी खेळतात. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेला एकत्र जातात. कुणाचा वाढदिवस असला की केक कापतात आणि ज्यांना मधुमेह आहे त्याही एक तुकडा खातात.

या मंडळाविषयी मला अधूनमधून एक प्रश्न विचारला जातो, बहुधा हसत हसत. "फादर, या बायका तिथे करतात तरी काय? चहा पितात आणि सुनांच्या तक्रारी सांगतात. यात धर्मकार्य कुठे आले?" प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. परंतु त्याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण त्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. एखादी आई बुधवारी घराबाहेर पडते की पडत नाही, हेसुद्धा त्यावर अवलंबून आहे. त्यासाठी आपण पवित्र शास्त्राकडे वळू या.

बेथलेहेमच्या बायका

जुन्या करारात रूथचे छोटेसे पुस्तक आहे. अवघे चार अध्याय. त्यातला सून आणि सासूचा प्रसंग आपण ऐकतो. रूथ आपल्या सासूला, नामीला, सोडून जायला तयार होत नाही. हा प्रसंग आपल्याला पाठ आहे. पण त्याच पुस्तकात आणखी काही स्त्रिया आहेत आणि त्यांच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या म्हणजे बेथलेहेम गावच्या बायका, नामीच्या शेजारणी.

दुष्काळ पडला म्हणून नामी आपला नवरा व दोन मुलगे यांच्याबरोबर मवाब देशी गेली. तिथे आधी नवरा वारला. मुलांची लग्ने झाली. सुमारे दहा वर्षे गेली आणि मग दोन्ही मुलगेही वारले. नामी रिकाम्या हातांनी गावी परतली. तेव्हा सातूची कापणी सुरू झाली होती. तिला पाहून सारे गाव हलले आणि गावच्या बायका एकमेकींना विचारू लागल्या की, ही आपली नामीच ना?

नामी या नावाचा अर्थ आहे गोड, मनोहर. तिने त्या बायकांना सांगितले की मला नामी म्हणू नका, मला मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, रिकामी परत आले, असे ती म्हणाली. आपल्या शेजारी रूथ उभी आहे, हेही त्या क्षणी तिला दिसले नाही. दुःख असेच करते. ते माणसाचे नावच बदलून टाकते. विधवा झाल्यावर, मूल गेल्यावर, किंवा शरीर थकून दुसऱ्याच्या हातचे खायची वेळ आल्यावर कितीतरी आया मनातल्या मनात स्वतःला नवे नाव देतात. ओझे. अडगळ. नकोशी.

आता त्या बायकांनी काय केले ते पाहा. त्यांनी नामीला उपदेश केला नाही. रडू नकोस, देवाची इच्छा, असे म्हटल्याचेही शास्त्रात नाही. पण त्यांनी तिचे म्हणणे मान्यही केले नाही. संपूर्ण पुस्तकात मारा हे नाव तिच्या स्वतःच्या तोंडी तेवढे एकदाच येते. त्यानंतर तिला त्या नावाने कोणीही हाक मारीत नाही. पुढे रूथचे बवाजशी लग्न होते, तिला मुलगा होतो, तेव्हा त्याच बायका पुन्हा येतात. परमेश्वराचा धन्यवाद करतात. नामीला सांगतात की, तुझ्यावर प्रीती करणारी ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. ज्या रूथकडे नामीचे लक्ष नव्हते, ती रूथ या मैत्रिणी तिला दाखवून देतात. आणि मग म्हणतात की, नामीला मुलगा झाला! मारा नव्हे, नामी. मुलाचे नाव ओबेद हेही याच शेजारणींनी ठेवले. ओबेद हा दावीद राजाचा आजोबा. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशूची वंशावळ आहे, तिच्यात बवाज, रूथ आणि ओबेद ही नावे आपण वाचतो. म्हणजे आपल्या प्रभूच्या एका पूर्वजाचे नाव बेथलेहेमच्या महिला मंडळाने ठेवले, असे म्हटले तर त्यात फार अतिशयोक्ती होणार नाही.

आजच्या चिंतनाचा गाभा एवढाच आहे. दुःख आणि म्हातारपण आपले नाव बदलू पाहते, तेव्हा मैत्रिणी आपले खरे नाव सांभाळून ठेवतात. आपल्याला स्वतःला ते पुन्हा घेता येईपर्यंत ते त्यांच्याकडे ठेव म्हणून राहते.

विहिरीचा काठ गेला

आपल्या वसईत पूर्वी यासाठी मंडळ स्थापन करावे लागत नव्हते. सकाळी विहिरीवर पाणी भरायला गेले की चार जणी भेटत. बावखलावर कपडे धुताना मन हलके होई. भातलावणीला एकीच्या शेतात सगळ्या, मग दुसरीच्या शेतात सगळ्या. लग्नघरी फुगे तळायला वाडीतल्या साऱ्या बायका रात्रभर चुलीपाशी बसत. पहाटेच्या गाडीने भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या आपल्या आया-आज्या डब्यात एकमेकींच्या टोपलीला हात लावीत आणि एकमेकींच्या संसारालाही. तिथेच कुणाच्या मुलीचे स्थळ ठरे, कुणाच्या नवऱ्याच्या दारूचे दुःख सांगितले जाई, कुणाला उसने पैसे मिळत.

आज नळ घरात आला. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. शेते विकली गेली, लग्नाचे जेवण केटररकडे गेले. हे सारे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. डोक्यावर हंडा घेऊन अर्धा मैल चालणाऱ्या बाईला विचारा, नळाचे मोल तिला कळते. परंतु हंड्याचे ओझे गेले तसा विहिरीचा काठही गेला, हे मात्र खरे. मुलगा-सून आठच्या गाडीने कामाला जातात, नातवंडे शाळेत आणि मग क्लासला. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आजी, टीव्ही आणि बंद दार एवढेच उरते. काहींची मुले कॅनडात, आखातात, ऑस्ट्रेलियात आहेत. ती रोज फोनवर दिसतात, पण चहाचा कप पुढे करू शकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकीपणाने त्रस्त आहे, आणि एकाकीपणाशी संबंध असलेले मृत्यू दर तासाला सुमारे १०० होतात, असे त्यात म्हटले आहे. एकाकीपणा हा केवळ मनाचा खेळ नाही. तो रक्तदाबासारखाच शरीराला आतून पोखरतो.

योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री विहिरीवर येते ती भर दुपारी, एकटी. शास्त्राचे अनेक अभ्यासक म्हणतात की बायका सकाळी किंवा सायंकाळी मिळून पाण्याला येत. ही दुपारी आली, कारण तिला कोणाबरोबर येता येत नव्हते. प्रभू येशू तिच्याशी बोलला आणि ती घागर तिथेच टाकून धावत गावात गेली, ज्यांना टाळत होती त्याच लोकांत. प्रभूची भेट माणसाला माणसांत परत नेते. बुधवारचे मंडळ हा आपल्या वृद्ध भगिनींचा विहिरीचा काठ आहे. तिथे चहा असतो आणि गप्पा असतात, ही तक्रारीची गोष्ट नव्हे. विहिरीवरही त्याच गोष्टी होत्या, फक्त चहाऐवजी पाणी होते.

ॲरिस्टॉटलचे म्हणणे

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल अभ्यासावा लागे. नीतिशास्त्रावरील त्याच्या ग्रंथाचे दहा भाग आहेत आणि त्यांतील दोन भाग, आठवा व नववा, त्याने केवळ मैत्रीला दिले आहेत. मैत्री तीन प्रकारची असते असे तो सांगतो. काही माणसे उपयोगासाठी मित्र होतात, काही मौजेसाठी, आणि काही एकमेकांच्या चांगुलपणासाठी. पहिल्या दोन प्रकारची मैत्री उपयोग संपला, मौज संपली की संपते. तिसरी टिकते.

पण याच ॲरिस्टॉटलने वृद्धांविषयी एक कठोर गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याच्या मते उपयोगासाठी केलेली मैत्री मुख्यतः म्हाताऱ्या माणसांत आढळते, आणि वृद्ध व चिडखोर माणसांत मैत्री सहजी जुळत नाही, कारण त्यांच्या सहवासात गोडवा कमी असतो.

ॲरिस्टॉटल हा फार मोठा माणूस. ख्रिस्तसभेचे महापंडित संत थॉमस अक्वायनस त्याला आदराने केवळ 'तत्त्वज्ञ' एवढेच म्हणत. पण या एका बाबतीत त्याने आपल्या बुधवारच्या मंडळात येऊन एक तास बसावे, असे मला वाटते. आपल्या भगिनींत उपयोगाची मैत्री नाही असे नाही. एकीला बँकेचा फॉर्म भरता येतो, दुसरीला मोबाईल कळतो, तिसरीचा भाचा डॉक्टर आहे. उपयोग होतोच. चिडखोरपणाही असतो. खुर्ची कोणाची यावरून झालेले भांडण मी मिटवलेले आहे! तरीही गुडघे दुखत असताना, आकाश भरून आलेले असताना, त्या येतात. ज्या मैत्रिणीकडून आता काहीही मिळायचे नाही, जी अंथरुणाला खिळली आहे, तिच्या उशाशी जाऊन बसतात. याला उपयोग कसे म्हणायचे?

ॲरिस्टॉटलनेच दुसऱ्या ठिकाणी एक लोकांची म्हण सांगितली आहे, की पुरेसे मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखू शकत नाहीत. मैत्रीला वेळ लागतो, असा त्याचा अर्थ. आपल्याकडेही खाल्ल्या मिठाला जागतात. आपल्या भगिनींनी साठ-साठ वर्षे एकत्र मीठ खाल्ले आहे. लग्नाच्या मांडवातले आणि तेराव्या-महिन्याच्या मिस्सानंतरच्या जेवणातलेही. संत थॉमस ॲरिस्टॉटलच्या पुढे एक पाऊल गेले. देवाची प्रीती म्हणजे देवाशी मैत्री होय, असे त्यांनी शिकवले. आणि ज्याच्याशी आपली मैत्री आहे, त्याची माणसे आपल्याला प्रिय होतात, मग ती कितीही थकलेली असोत वा रागीट असोत. मैत्रिणीच्या रागावरही प्रेम करता येते, हे आपण ॲरिस्टॉटलकडून शिकलो नाही. ते आपण प्रभू येशूकडून शिकलो.

जिला नाव आठवत नाही

आता एक खरी कसोटीची गोष्ट सांगतो. घरच्यांच्या परवानगीने सांगतो, नाव सांगत नाही.

मंडळातली एक भगिनी हळूहळू विसरू लागली. प्रथम एकच प्रश्न तीनतीनदा विचारी. रोझरीत दहाऐवजी चौदा नमो मरिया होत. चहाचे पैसे दोनदा देई. एका बुधवारी घरी परतताना तिला रस्ता सापडेना. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. घरच्यांनी तिला घरीच ठेवायचे ठरवले. त्यात क्रूरपणा नव्हता, काळजी होती, आणि थोडी लाजही होती. आई चार लोकांत काहीतरी बोलेल, लोक हसतील.

दोन आठवडे तिची खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या मैत्रिणी तिच्या घरी गेल्या. सुनेशी बोलल्या. वाद घातला नाही. फक्त विचारले की, आम्ही दोघी तिला न्यायला आलो आणि परत आणून सोडले तर चालेल का? सून जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुम्हांला त्रास होईल." त्यावर एकीने सांगितले, "अगं, आम्हांला घरी बसूनही त्रासच होतो. तिच्याबरोबर होऊ दे."

तेव्हापासून ती येते. दोघी तिला आणतात, एक जण शेजारी बसते. हाऊजीत तिच्या तिकिटावरचे आकडे शेजारीण खोडते, आणि तिची लाईन लागली की सगळ्या टाळ्या वाजवतात. मैत्रिणींची नावे तिला आता आठवत नाहीत. म्हणून दर बुधवारी आल्याबरोबर प्रत्येक जण तिचा हात हाती घेऊन आपले नाव सांगते. मग तिला तिचे स्वतःचे नाव सांगतात. सासरचे नव्हे, माहेरचे, लहानपणी विहिरीवर ज्या नावाने तिला हाक मारीत ते. त्या नावाला ती हसते. आणि गीत सुरू झाले की सगळी कडवी तिला येतात, तरुण मुलींना येत नाहीत तीसुद्धा. डॉक्टर सांगतात की जुनी गाणी आणि पाठ झालेल्या प्रार्थना अशा आजारात पुष्कळदा खूप काळ टिकतात.

ती बरी होणार नाही, हे तिच्या मैत्रिणींना ठाऊक आहे. एखाद्या दिवशी ती लहानपणच्या नावालाही हसणार नाही, हेही ठाऊक आहे. तरी त्या ते नाव सांगत राहतात. बेथलेहेमच्या बायकांनी हेच केले होते. आणि यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर आपल्या लोकांना हेच सांगतो, की मी तुला नावाने हाक मारली आहे आणि तू माझी आहेस, आई एक वेळ विसरेल पण मी विसरणार नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी प्रभू येशूने मरिया माग्दालेनाला फार काही समजावून सांगितले नाही. नाव घेतले. त्या एका नावाने तिने त्याला ओळखले. जिला स्वतःचे नाव आठवत नाही तिला तिचे नाव सांगणे, हे प्रभूने स्वतः केलेले काम आहे. आता मला विचारा, बुधवारी दुपारी धर्मकार्य कुठे होते!

तीन विनंत्या

पहिली विनंती मंडळातील भगिनींना. तुमची मैत्री जुनी आहे, म्हणूनच तिला दोन धोके आहेत. एक म्हणजे, जी आज आली नाही तिच्याविषयी बोलणे सोपे असते. तिच्याकडे जाणे अवघड असते. सुनांविषयीही तसेच. मन मोकळे करा, त्याशिवाय माणूस जगत नाही. पण सांगितलेले दुःख त्या सभागृहाच्या दाराबाहेर जाऊ देऊ नका. घराघरांत त्याने आग लागते, आणि मग ती सून सासूला पुढच्या बुधवारी का पाठवील? दुसरा धोका असा की, ज्यांनी एकत्र मीठ खाल्ले त्यांची पंगत बंद होते. नव्या इमारतींत बाहेरगावाहून आलेल्या, मुलाबरोबर मंगलोरहून, गोव्यातून, केरळहून आलेल्या वृद्ध भगिनी आपल्या मिस्साला मागच्या बाकावर बसतात. त्यांना आपली बोली येत नाही. प्रभूने लूककृत शुभवर्तमानात सांगितलेल्या दाखल्यात, हरवलेले नाणे सापडल्यावर ती स्त्री मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते. मूळ ग्रीक भाषेत तो शब्द स्त्रीलिंगीच आहे, मैत्रिणी. नुसत्या मैत्रिणी नव्हेत, शेजारणीही. आपल्या शेजारी नवीन राहायला आलेली शेजारीणसुद्धा. तिच्यासाठी एक खुर्ची मांडा. हाऊजीला भाषा लागत नाही.

दुसरी विनंती घरच्यांना, विशेषतः मुलांना आणि सुनांना. आईला औषध, जेवण, पंखा, मोबाईल सगळे तुम्ही देता, त्याबद्दल देव तुमचे भले करो. २००७ च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांना मुलांकडून निर्वाह मागण्याचा अधिकार दिला आहे. पण मैत्री कोणत्याही कायद्याने मागता येत नाही, आणि कितीही प्रेमळ मुलगा आईची मैत्रीण होऊ शकत नाही. तुम्ही तिला आई म्हणून ओळखता. ती आठवीत शाळा सोडताना किती रडली, शर्यतीत कोणाला हरवले, पहिल्या बाळंतपणात कशी घाबरली होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्या आता थोड्याच उरल्या आहेत. बुधवारी चार वाजता नातवाला क्लासला सोडायला दुसरी काही व्यवस्था होत असेल तर करा. रिक्षाचे पैसे लागत असतील तर न मागता तिच्या हाती ठेवा. "तिथे काय काम आहे?" हा प्रश्न विचारू नका. मरिया गर्भवती असताना डोंगराळ मुलखात घाईने एलिझाबेथकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. एक तरुण, एक उतारवयाची. काय काम होते, असे तिला कोणी विचारल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही.

तिसरी विनंती ज्या भगिनी घरी बसल्या आहेत त्यांना. मला माहीत आहे, हे पत्रक तुमच्यापर्यंत नातवाच्या हाती पोचते. तुम्ही म्हणता, फादर, मला आता ऐकू येत नाही. मला वारंवार बाथरूमला जावे लागते, लाज वाटते. नवरा गेल्यापासून मला हसावेसे वाटत नाही. मुलांनी जमिनीवरून कोर्टात भांडण मांडले आहे, तोंड कसे दाखवू? माझे ऐका. त्या सभागृहात बसलेल्या निम्म्या जणींना ऐकू येत नाही, म्हणून तर तिथे एवढा आवाज असतो. बाथरूम दाराला लागून आहे. नवरा गेलेल्या पुष्कळ आहेत, आणि कोर्टाची पायरी कोणत्या घराने चढली नाही? नामी गावात शिरली तेव्हा तीही कडू होती, रिकामी होती. तिने ते सर्वांसमोर बोलून दाखवले. पण ती आली. तुम्ही कडू असाल तर कडूच या. गोड होऊन येण्याची अट नाही.

पुनरुत्थानाच्या पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघालेल्या स्त्रियांना वाटेत एकच चिंता होती, की तो मोठा धोंडा आपल्यासाठी कोण लोटील? उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. तरी त्या मागे फिरल्या नाहीत, कारण एकट्या नव्हत्या. त्या पोचल्या तेव्हा धोंडा लोटलेला होता. आपल्या म्हातारपणापुढेही असाच एक धोंडा आहे आणि तो आपल्याला लोटता येत नाही. देव तो लोटील. पण तिथपर्यंतची वाट चालायला मैत्रिणी लागतात.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सांगितले की, यापुढे मी तुम्हांला दास म्हणणार नाही, मित्र म्हणेन. ज्याने स्वतःला आपला मित्र म्हणवून घेतले, तो आपल्या मैत्रीकडे वेळ घालवण्याचा उद्योग म्हणून पाहत नाही. या आठवड्यात प्रत्येक घराने एवढे करावे: आपल्या वाडीतली, आपल्या इमारतीतली एक वृद्ध भगिनी आठवा, जी काही दिवसांत दिसली नाही. तिच्या दारी जा. आणि तिला अमक्याची आई म्हणून नव्हे, तिच्या नावाने हाक मारा.

आपण प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू आम्हांला मित्र म्हटलेस आणि आमची नावे तुझ्यापाशी आहेत. आमच्या वृद्ध मातांच्या मैत्रीला आशीर्वाद दे. ज्यांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत त्यांची आठवण आम्हांला राहू दे. ज्या कडू झाल्या आहेत त्यांना त्यांचे गोड नाव परत मिळू दे. ज्या स्वतःला विसरल्या आहेत त्यांना सांभाळणारे हात मिळू देत. संत ॲन आणि पवित्र मरिया माउली त्यांच्यासाठी विनंती करोत. आमेन.

दयाघन प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
धर्मग्रामाचा फादर